आपले पाव्हणे

मंडळी, छातीतली धडधड अजून थांबली नाही, म्हणून लिहितोय.

माझ्या पुतणीनं, रेखानं, एक छोटा विनोदी सिनेमा केलाय. आज पाटोद्यात दाखवला. त्यात मी लग्नातला म्हातारा झालोय. पाहुण्यांना मानाचे फेटे बांधताना माईकवाला म्हाताऱ्याला शेजारच्या माणसाचं नाव विचारतो. म्हाताऱ्याला आठवत नाही, तो खोकून म्हणतो, "हे आपले पाव्हणे!"

गोष्ट माझीच आहे, खरी घडलेली. आणि ते खरे पाव्हणे आज माझ्या शेजारीच बसलेले. तीन वर्षं टपरीवर रोज सोबत चहा पितो, पण नाव अजून ठाऊक नाही.

ते मांडीवर थाप मारून हसले. "लई येडा म्हातारा हाय, आप्पा! सरळ इचारायचं की!"

तेवढ्यात रेखानं माझ्या हातात माईक दिला. "आप्पा, सगळ्यात जास्त हे काका हसले. त्यांची ओळख करून द्या."

मी खोकलो. "हे... आपले पाव्हणे!"

सगळ्यांना वाटलं, गंमत केली. तेही पोट धरून हसले.

निघताना म्हणाले, "उद्या चहा आमच्या घरी. घर ठाऊक हाय नव्हं?"

मी जोरात मान डोलावली.

आता सांगा मंडळी, उद्या कुणाचं घर विचारत जाऊ?