चमचा वाजला की उठायचं

ती कवळ्या बनवायची. दातांच्या दवाखान्यांतून ठसे यायचे आणि त्यावर मेण चढवून ती एकेक दात असा बसवायची, की घरच्यांनाही फरक कळू नये. खोटे दात सोडले तर हिनं आयुष्यात काही खोटं केलं नाही, असं नवरा कौतुकानं सांगत सुटायचा.

नवरा शाळेची गाडी चालवायचा. रविवारी जेवणं आटोपली की दोघं दोन जुन्या कम्प्युटरसमोर शेजारी शेजारी बसत आणि खेळात शिरत. तो ढाल घेऊन सगळ्यांच्या पुढे, ती मागून जखमा भरणारी वैद्यीण. बाहेर कुठे जायची सोयच नव्हती, कारण आतल्या खोलीत सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. वाचा गेली होती. काही हवं असलं की त्या उशाजवळच्या पितळी पेल्यावर चमचा वाजवायच्या. टण, टण, टण. गाडीतल्या पोरांच्या कल्लोळानं नवऱ्याचे कान अधू झालेले, त्यामुळे ऐकायचं तिनं आणि उठायचंही तिनंच.

खेळातली खरी मजा रेडमध्ये, म्हणजे टोळीनं मिळून केलेल्या स्वारीत. किल्ल्यातला राक्षस मारायला दहा जणांची टोळी लागते, आणि टोळीला जागा न सोडणारे लोक हवे असतात. या दोघांना कोण घेणार? ऐन लढाईत चमचा वाजायचा, ही उठायची आणि वैद्यिणीवाचून टोळी मरून पडायची. एका टोळीनं शिव्या घातल्या, दुसरीनं न सांगताच काढून टाकलं. तिसरीचा म्होरक्या म्हणाला, "संसार करताय की खेळताय?"

"एकही धड जमत नाही, म्हणून दोन्ही करतोय," नवरा म्हणाला. तिथूनही डच्चू मिळाला.

मग कप्तान भेटला. कोण, कुठला, देव जाणे. हेडफोनमधला एक शांत आवाज, एवढीच ओळख. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि टोळीला नियमच घालून दिला: "चमचा वाजला की सगळ्यांनी मागे सरायचं. वहिनी येईपर्यंत राक्षसाला कुणी हात लावायचा नाही." तिला रडूच कोसळलं. तिच्यासाठी आजवर कुणी असं थांबलं नव्हतं.

"येतेच हं," म्हणून ती उठायची, पाणी पाजायची, कूस बदलून द्यायची. परत यावं तो सगळे जिथल्या तिथे उभे. पुढेपुढे तर माईकमधून चमचा तिच्याआधी टोळीलाच ऐकू जायचा. "वहिनी, आजी बोलावतायत," कप्तान सांगायचा.

पण थांबलं की राक्षसाच्या जखमा भरून यायच्या, आणि तो काही मरत नव्हता. दोघं जण टोळी सोडून गेले. कारण कुणी बोललं नाही, तरी तिच्या मनाला ते लागलंच. आपल्यापायी हीसुद्धा टोळी मोडणार, या धास्तीनं तिच्या तोंडचं पाणी पळालं. बदली माणसं मिळवता मिळवता कप्तानाच्याही नाकी नऊ आले.

आणि एका रविवारी राक्षस अगदी शेवटच्या घटका मोजत असताना चमचा वाजला.

"थांबा," कप्तान म्हणाला. "वहिनी, तुमचा चमचा."

नवऱ्यानं तिच्याकडे पाहिलं. तिला स्वच्छ ऐकू येत होतं.

"आमचा नाही तो," ती म्हणाली. "मारा."

राक्षस कोसळला, हेडफोनमध्ये आरडाओरडा झाला, नवऱ्यानं टाळी दिली. ती आत गेली तेव्हा पेला जमिनीवर होता आणि चमचा सासूबाईंच्या मुठीत. डॉक्टर म्हणाले, हे आज ना उद्या होणारच होतं. रात्री नवऱ्यानं एकदाच विचारलं, "वाजला नव्हता ना गं?"

"नाही," ती म्हणाली. त्यानं विश्वास ठेवला. तो ठेवणारच होता, आणि तेच तिला खाऊ लागलं.

पेला आणि चमचा नवऱ्यानं कपाटात कुलूपबंद केले. पण कामावर कुणी प्लास्टरचा साचा ठोकला, की ती हातातला दात टाकून उभी राहायची. कवळ्या बिघडू लागल्या. घरात पाणी पिताना ती भांडं टेबलावर अलगद, दोन्ही हातांनी ठेवायची.

"चल, खेळू," एका रविवारी नवरा म्हणाला. "आता मध्येच उठायला लागणार नाही." बोलून गेल्यावर त्यानं जीभ चावली.

टोळीनं आनंदानं स्वागत केलं. नवा किल्ला, नवा राक्षस. लढाई रंगात आली आणि कप्तान म्हणाला, "थांबा सगळे. वहिनी, चमचा वाजतोय."

घरात दोघांशिवाय चिटपाखरू नव्हतं. तिनं कान देऊन ऐकलं; काही नाही.

"कप्तान, आई गेली आमची," नवरा म्हणाला.

मग दुसरं कुणीतरी चाचरत म्हणालं, "पण दादा, मलाही येतोय ऐकू."

"आमचा नाही तो," नवऱ्यानं सांगितलं आणि आधारासाठी तिच्याकडे पाहिलं.

पुन्हा एकदा 'नाही' म्हटलं असतं तर निभावून गेलं असतं. जन्मभर निभावलं असतं.

"आमचाच आहे," ती माईकमध्ये म्हणाली. "त्या दिवशीचाही आमचाच होता. मी ऐकला होता."

ती उठली आणि आतल्या खोलीकडे गेली. नवऱ्यानं हेडफोन काढून टेबलावर ठेवला. त्यातून कप्तानाचा बारीक आवाज येत राहिला, "मागे सरा सगळे. वहिनी येईपर्यंत थांबायचं."