हळद लावलेल्या मनगटाचे ठोके

मी भित्रा आहे, हे आमच्या घरात कुणाला सांगावं लागत नाही. पाल पडली की मी खाटेवर आणि बायको झाडू घेऊन पुढं, अशी आमची वाटणी ठरलेली. पण मागच्या उन्हाळ्यात जी भीती बसली ती पालीची नव्हती. माझा थोरला भाऊ जवळा बाजारच्या आठवडी बाजारात चहा पिता पिता "जरा टेकतो" म्हणाला, आणि टेकला तो उठलाच नाही. धडधाकट माणूस. डॉक्टर म्हणाले, हृदय. तेव्हापासून माझा हात सारखा छातीवर. गिऱ्हाईक युरिया मागायचं आणि मी आपला आत काय चाललंय ते चाचपत उभा.

बायको म्हणाली, "ते ठोके दाखवणारं घड्याळ घ्या एखादं. असे छाती धरून उभे राहता, गिऱ्हाईकाला वाटतं भाव सांगताना तुमालाच धक्का बसला."

माझं खताचं दुकान वारंगा फाट्यावर. समोरच्या टपरीवर मोबाईलची कव्हरं, चार्जर असलं मिळतं. तिथलं सगळ्यात स्वस्त घड्याळ मी उचललं. ती म्हणत होती, हिंगोलीला जाऊन चांगलं घ्या. मी म्हटलं, ठोके ते ठोके, त्यात स्वस्त-महाग काय असतं? सुरुवातीला आकडे बरे यायचे आणि मी एवढा खूश, की कुणी किती वाजले विचारलं तर ठोके सांगायचो.

मग त्या रबरी पट्ट्यानं घामाचे चट्टे उठले. खाजवून खाजवून मनगट लाल. बायकोनं तेलात हळद कालवून जाड लेप दिला. आमच्याकडं कापलं, सुजलं, मुरगळलं, सगळ्यावर हळदच. शहाण्या माणसानं अशा वेळी घड्याळ काढून ठेवलं असतं. मी लेपावरच बांधलं. काढलं आणि नेमकं तेवढ्यातच काही झालं तर?

दुपारी दुकानात सहज पाहिलं. एकशे ऐंशी! मटकन खाली बसलो. बसल्यावर बेचाळीस. हे तर आणखी वाईट. उठावं तर पुन्हा एकशे साठ. तोंडाला कोरड पडली. पुढ्यात चहा आला होता, तो हातानं लांब सारला. शटर अर्धं ओढून बायकोला फोन केला, "अगं, मला काहीतरी होऊन राहिलंय."

ती धावत आली. "दवाखान्यात चला."

"आधी चांगल्या घड्याळात पाहू."

"काहून? डॉक्टर काय लगेच सुई टोचणार हाय का?"

खरं कारण मी तिला सांगितलं नाही. डॉक्टरानं सांगितलं म्हणजे ते झालंच. घड्याळाला निदान खोटं तरी पाडता येतं.

हिंगोलीपर्यंत बसमध्ये मी डोळे मिटून बसलो होतो. घड्याळांचं दुकान मोठं, गारेगार. दुकानदारानं माझं घड्याळ सोडलं आणि नवं कोरं त्याच मनगटावर चढवलं. "देखो काका, हे नवं मॉडेल. ठोके तर दाखवतंच, हृदयाचा आलेख पण काढतं."

पडद्यावर नुसत्या दोन आडव्या रेघा.

"आकडा कुठं हाय?" मी विचारलं.

"थांबा... ठोकेच सापडत नाहीत याला."

स्टूल जवळ होतं म्हणून बरं. स्वस्तातलं घड्याळ निदान माझं हृदय उधळलंय म्हणत होतं. महागाच्या घड्याळाला ते सापडतच नव्हतं. दुकानदारानं घड्याळ काढून उलटं केलं. मागची काच पिवळीधमक.

"काका, ये क्या लगाके आये? नवरदेव व्हायला निघालात का?"

बायकोनं माझं मनगट ओढून पाहिलं. "अहो! लेपावरच बांधलं व्हय? घड्याळ काय लोणच्यावानी मुरवायला घातलं व्हतं?"

सगळे हसले. मीही हसलो. तिनं बाटलीतलं पाणी ओतून मनगट खसाखसा धुतलं, दुकानदारानं काच पुसून घड्याळ पुन्हा बांधलं. म्हणाला, "आता बघू खरं. या बटनावर बोट ठेवा, अर्धा मिनिट हलू नका."

मी बोट मागं घेतलं. "हे बराबर सांगतं?"

"एकदम बराबर."

मी पट्टा सोडायला लागलो. "मग राहू द्या. माझं पहिलंच बरं हाय. धुऊन वापरीन."

बायकोनं सरळ माझं बोट धरलं आणि बटनावर दाबलं. लहान लेकराला औषध पाजताना धरतात तसं. तिचा हात बर्फासारखा गार होता, आणि बटन दाबून झालं तरी माझं बोट सोडत नव्हता. तोवर मला वाटत होतं, ही भीती एकट्या माझ्या मालकीची आहे. पडद्यावर बारीक बारीक डोंगर सरकत होते. मी तिकडं पाहिलंच नाही.

"ठोके बराबर पडून राहिलेत," दुकानदार म्हणाला. "जरा जोरात आहेत, काका घाबरलेत. पण हे काही डॉक्टर न्हाई. एकदा दाखवून घ्या."

"हेच द्या," बायको म्हणाली.

"अगं, रोज उठून हे बघायची माझ्यात हिंमत नाही."

"तुमी नकाच बघू. मी बघत जाईन."

दवाखान्यात तिनं मला तिथूनच नेलं. रक्तदाब थोडा वाढलेला निघाला, एक बारीकशी गोळी सुरू झाली. आता माझ्या मनगटावरच्या पडद्यावर फक्त वेळ दिसते. ठोके जातात तिच्या मोबाईलवर. संध्याकाळी भाकरी झाल्या की ती चष्मा लावून मोबाईल बघते, आणि मी तिचं तोंड बघतो. तोंड वाचणं घड्याळापेक्षा अवघड. परवा तिच्या कपाळाला आठी पडली. माझे हातपाय गार.

"काय गं? काय आलंय?"

"बहिणीच्या नातवाचा फोटो. किती वाळलंय लेकरू."

"आणि ठोके?"

"बघते ना. आधी जेवा."

ती बघू लागली. मी घास हातातच धरून बसलो.