व्हरांड्यातला भूगोल

आसगावच्या एका शाळेत टेकचंद एकतीस वर्षे शिपाई होता आणि भूगोलही त्याने तेवढीच वर्षे ऐकला, फक्त वर्गाबाहेरून. आनंदराव गुरुजी वाऱ्यांचा धडा दरवर्षी त्याच शब्दांत, त्याच खोकल्यासकट शिकवत. व्हरांड्यातल्या स्टुलावर बसून टेकचंदला तो पाठ झाला. परीक्षा नव्हती, म्हणून तो कधी नापास झाला नाही.

निवृत्तीनंतर गाव त्याला वारा विचारू लागले. पारावर तो सांगे : विषुववृत्तावर ऊन सरळ पडते, हवा तापून वर चढते, दोन्हीकडे पसरते, तीस अंशांपाशी खाली बसते आणि जमिनीलगत परत फिरते. पृथ्वी फिरत असल्याने ही हवा वाटेत तिरपी होते. आपल्या उत्तरेच्या अर्ध्या भागात उजवीकडे. उन्हाळ्यात सूर्य उत्तरेला वर सरकला की तापलेला पट्टाही वर येतो आणि दक्षिणेचे वारे विषुववृत्त ओलांडून, वळून, पाणी घेऊन येतात. ऑक्टोबरात सूर्य खाली, पट्टा खाली, वारा उलटा, पाऊस बंद. ऐकणारे मान डोलवत. पृथ्वी फिरते हे काहींना अजून पटले नव्हते, पण पेन्शनवाल्याशी वाद कोण घालणार?

शेजारच्या गोदावरीबाईचे दीड एकर धान होते. नवरा गेल्यापासून तेच तिचे वर्षभराचे खाणे. ऑक्टोबर संपताना धान पिवळे झाले, तशी ती टेकचंदच्या अंगणात येऊन उभी राहिली.

"भाऊजी, कापू का थांबू?"

टेकचंदने चिमूटभर माती हवेत सोडली. ती नैऋत्येकडे उडाली.

"कापा बाई. हवा फिरली. आता पाण्याचं कामच नाही."

"मामाजी, मोबाईल तं शुक्रवारी पाणी सांगून राहिला," सून उर्वशी आतून म्हणाली.

"मोबाईल कोन्त्या शाळेत होता?"

गोदावरीबाई खळखळून हसली आणि बुधवारी धान कापले. कापलेल्या धानाचे कडपे, म्हणजे मुठी-मुठींचे आडवे ढीग, तीन-चार दिवस बांधीतच, त्याच खाचरात, वाळत पडतात. मग भारे बांधायचे. उभे धान एखादा पाऊस सोसते, आडवे सोसत नाही.

शुक्रवारी दुपारी पूर्वेकडून ढग आले. पाऊस सोमवारी थांबला. बांधीत घोटाभर पाणी होते आणि कडप्यांतल्या लोंब्यांना हिरवे कोंब फुटले होते.

उर्वशीने लेकीचे भूगोलाचे पुस्तक सासऱ्यापुढे ठेवले. वाऱ्यांच्या धड्याचे शेवटचे पान त्याने बोट फिरवत वाचले. मान्सूनच्या परतीच्या दिवसांत बंगालच्या उपसागरावर कमी दाबाचे पट्टे तयार होतात आणि पाऊस घेऊन जमिनीवर चढतात. हे तो प्रथमच वाचत होता. गुरुजी इथवर पोचत तेव्हा तास संपायला आलेला असे आणि टेकचंद घंटा द्यायला उठलेला असे. एकतीस वर्षांत त्याने घंटा एकदाही उशिरा दिली नव्हती.

"मले कोनी सांगतलं नाही," तो म्हणाला. उर्वशीने पुस्तक उचलून नेले.

गोदावरीबाईने सापडले तेवढे धान वाळवले, कांडले. पंधरवड्याने नव्या तांदळाचा भात शेजाऱ्यांना द्यायच्या रीतीप्रमाणे ती वाटी घेऊन आली. भाताचा रंग काळपट होता आणि त्याला कुबट वास येत होता.

"थोडाच हाय, भाऊजी. नवा हाय म्हून आनला," ती म्हणाली आणि तिथेच बसून राहिली.

टेकचंदने तिच्यासमोर शेवटच्या शितापर्यंत खाल्ला. वाटी उर्वशीने धुऊन परत दिली.