गोइंग-टू सर

आमच्या इंग्रजीच्या सरांना 'बघू' हा शब्द खपत नसे. 'अभ्यास करीन, बघू,' असं कुणी म्हणालं की ते हातातला खडू खाली ठेवायचे. "हे झालं 'विल'. तोंडाला आलं, बोललास. मनात ठरलंय का? ठरलं असंल तर 'गोइंग टू' म्हण." देवणीकडच्या आमच्या शाळेत त्यांचं खरं नाव फक्त हजेरीपटाला ठाऊक. बाकी सगळ्यांचे ते गोइंग-टू सर.

पुस्तकात उदाहरण होतं, 'इट इज गोइंग टू रेन.' त्या वर्षी विहिरी आटलेल्या, गावात टँकर. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "सर, गोइंग म्हंजी चाललाय ना? मग पाऊस चाललाय कुठं?" सरही हसले. मग खिडकीतून आभाळाकडे बघत म्हणाले, "ढग दिसल्याबिगर हे वाक्य म्हणायचं न्हाई. पुरावा पायजे." आणि फळ्यावरचं ते उदाहरण त्यांनी पुसून टाकलं. दुष्काळातही व्याकरणाला जागणारा असा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मग प्रत्येकाला स्वतःचं वाक्य करायला लावलं. लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. मी म्हणाले, "आय अ‍ॅम गोइंग टू स्टडी इन लातूर." सरांनी विचारलं, "घरी ठरलंय?" मी मान खाली घातली. घरी ठरलं होतं ते माझं लग्न.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सर आमच्या ओसरीवर हजर. माझे वडील म्हणाले, "बघू की, सर. पाऊसपाणी झालं तर शिकवू."

"पावसाचं मला सांगता येत न्हाई, अण्णा. पोरीचं सांगतो. लई हुशार हाय."

अण्णा उठले. सर काही उठेनात. तेवढ्यात दाराआडून आई बोलली. परक्या माणसासमोर तिचा आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

"ती जानार हाय, सर. लग्नाचं बघू."

अण्णांनी वळून तिच्याकडे पाहिलं, पण नाही म्हटलं नाही. जूनमध्ये मला लातूरच्या वसतिगृहात सोडायला तेच आले.

उस्मानाबाद जिल्ह्यातून लातूर वेगळा निघाला तशी शिक्षकांचीही वाटणी झाली आणि सर उस्मानाबादकडे गेले. पुन्हा भेट झाली नाही. आज मी नांदेडला इंग्रजी शिकवते. माझं सगळं आयुष्य त्या एका संध्याकाळवर उभं आहे, हे त्यांना सांगायचं मात्र राहून गेलं.

गेल्या वर्षी ते वारल्याचं कळलं. मी आईला फोन केला. ती म्हणाली, "त्या सांजंला घरात च्यापुरतं बी पानी नव्हतं गं. त्यायला तसंच जाऊ दिलं म्या."