दाजींची चिकट बटणं

माझ्या दाजींइतका दुसऱ्यांच्या बोटांवर अविश्वास असणारा माणूस तापीच्या दोन्ही काठांवर शोधून सापडणार नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहतात जळगावला. आयुष्यभर त्यांनी दिवसा सरकारी नोकरी केली आणि लग्नसराईत ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवला. मी धुळ्याहून त्यांच्याकडे गेलो की, 'ये, बस' म्हणायच्या आधी ते दारातच विचारतात, "हात?" मग आपण तळवे दाखवायचे. आधी सुलटे, मग उलटे. मुलीच्या साखरपुड्याला व्याह्यांनी मोठ्या प्रेमाने हात पुढे केला, तर दाजींनी तो धरून उताणा केला आणि नाकाजवळ नेला. व्याह्यांना वाटलं, यांना हस्तरेषा कळतात. ते कौतुकाने म्हणाले, "कसा काय योग आहे?" दाजी म्हणाले, "हात धुवायचा."

हे सगळं सुरू झालं ते एका ठेक्याच्या मशीनपायी. जेवणाच्या ताटाएवढं ते काळं मशीन दाजींनी हौसेने मुंबईहून आणलं होतं. बटण दाबलं की तबला, दुसरं दाबलं की ढोलकी. बटणांवर रबराचा असा मऊ थर होता की, माझी बहीण म्हणायची, "माझ्या गालाला यांनी कधी इतक्या हळुवार हात लावला नाही." ते मशीन चालवायचे युसूफभाई. धुळ्यात त्यांचं बांगड्यांचं दुकान, पण ताल असा पक्का की दाजी डोळे मिटून वाजवायचे. दोघांनी भुसावळपासून साक्रीपर्यंत एकही मांडव सोडला नव्हता.

पुढे एका उन्हाळ्यात बटणं चिकटायला लागली. बोट उचललं की 'चप्' असा आवाज यायचा. आणि चोपड्याच्या एका लग्नात व्हायचं ते झालं. मुलीच्या पाठवणीचं गाणं सुरू होतं, बायका पदराने डोळे पुसत होत्या, तेवढ्यात युसूफभाईंनी दाबलेलं एक बटण आत गेलं ते वर येईना. पाठवणीच्या गाण्याला वरातीतला दणदणीत ठेका लागला. नवरदेवाचे मित्र नाचायला लागले, रडता रडता नवरीलाही हसू फुटलं. एकटे दाजी तेवढे हसले नाहीत. भर मांडवात ते ओरडले, "युसूफ, जिलबीचे हात लावलेस तू मशीनला!"

"भाऊ, मी अजून जेवलोच नाही," युसूफभाई म्हणाले.

"मग हाई काय शे? बठ्ठं चिकट व्हई गयं!" सगळं चिकट झालं, म्हणून दाजी थेट अहिराणीवर आले.

युसूफभाईंनी आपली पिशवी उचलली आणि धुळ्याची एसटी धरली. त्यानंतर कितीतरी वर्षं दोघं एकत्र वाजवायला बसले नाहीत.

दाजींनी मात्र उपाय सोडले नाहीत. त्यांनी बटणांना लिंबू चोळलं, मग तांदळाची पिठी लावली. पावडर तर इतकी थापायचे की मांडवात मागे बसलेल्यांना वासावरून वाटायचं, नवरी आली. मे महिन्यात त्यांनी मशीन फ्रीजमध्ये ठेवलं. बहिणीने रात्रीचं भरीत काढायला हात घातला तर तिच्या हाताला वायर लागली. शेवटी त्यांनी अगदी तसंच दुसरं मशीन मिळवलं, मलमलीत गुंडाळून लोखंडी कपाटात ठेवलं आणि किल्ली करदोट्याला बांधली. "याला माझ्याशिवाय कोणाचं बोट लागणार नाही," म्हणाले. पुढे वर्षानुवर्षं त्यांचंही लागलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या भाचीच्या, म्हणजे त्यांच्याच मुलीच्या, हळदीला त्यांनी ते बाहेर काढायचं ठरवलं. मी तिथेच होतो. दाजींनी हात धुतले, पुसले, परत धुतले आणि कपाट उघडलं. मलमल काही सुटेना. ओढली तर तिचे धागे बटणांना चिकटून राहिले. दाजींनी एक बटण दाबलं. चप्. त्यांनी आधी आपल्या बोटाचा वास घेतला, मग बहिणीकडे पाहिलं.

"माझ्याकडे बघू नका," ती म्हणाली. "किल्ली तुमच्याच कमरेला होती."

दाजी खाटेवर बसले. मांडवातून त्यांना हाका येत होत्या, पण ते उठले नाहीत. मला म्हणाले, "रबरच वितळतं रे ते. उन्हाळ्यानं म्हण, वयानं म्हण. आपोआप." आणि मग अगदी हळू, "युसूफनं हात लावला नव्हता."

लग्न पार पडलं, हळद उतरली आणि दुसऱ्याच दिवशी ते दोन्ही मशीनं घेऊन माझ्याबरोबर धुळ्याला निघाले. दुकानात युसूफभाई एका म्हाताऱ्या बाईला बांगड्या भरत होते. त्यांनी वर पाहिलं, आणि हातातलं काम पुरं केलं. ती बाई गेल्यावर दाजींनी कपाटातलं मशीन त्यांच्यापुढे ठेवलं.

"हात लावून बघ."

"नको भाऊ. आपले हात चिकट असतात."

"हे दुसरं आहे. कपाटात होतं. कोणी म्हणजे कोणी हात लावला नाही याला. तरी बघ."

युसूफभाईंनी एक बोट टेकवून उचललं. चप्. ते असे हसत सुटले की शेजारचा दुकानदार डोकावून गेला. "म्हणजे भाऊ, जिलबी तुम्हीच खाल्ली!"

"चुकलं माझं, युसूफ," दाजी म्हणाले. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. माझ्या बहिणीने अजूनही ऐकलेलं नाही.

स्पिरिटने तो थर निघतो, हे दाजींना पूर्वीच कळलं होतं. पण त्याबरोबर बटणांवरची अक्षरंही जातात, म्हणून त्यांची छाती होत नव्हती. त्या दुपारी दोघांनी जुनं बनियन फाडून बटणं पुसायला घेतली. काळं रबर निघतच राहिलं. दोघांचे हात मनगटापर्यंत माखले, दुकानभर दवाखान्याचा वास सुटला. खालून कोरी, चकचकीत बटणं निघाली. कुठलं काय, काही लिहिलेलं नाही. "आता?" मी विचारलं. युसूफभाईंनी नुसती बोटं टेकवली. दादरा. केरवा. ढोलकी. एकही चुकलं नाही.

आता लग्नांना डीजे असतो, या दोघांना कोणी बोलवत नाही. तरी दाजी मधूनमधून सकाळच्या एसटीने धुळ्याला येतात. दुपारी गिऱ्हाईक नसलं की दोघं दुकानाच्या मागच्या खोलीत वाजवत बसतात. मी कधीतरी दारात उभा राहून ऐकतो. युसूफभाईंची बोटं हल्ली थोडी आखडतात, जलद ठेक्यात एका बटणावरून दुसऱ्यावर जाताना मागे पडतात. परवा ते पाणी प्यायला उठले, तेव्हा दाजींनी मशीनची वेगाची कळ हळूच थोडी खाली आणलेली मी पाहिली. युसूफभाई परत येऊन बसले. गाणं सुरू झालं. दोन ओळींत त्यांच्या ते लक्षात आलं असणार. त्यांनी दाजींकडे एकदा पाहिलं, आणि त्याच संथ चालीत वाजवत राहिले.