पार्टिशनपलीकडचं बीजगणित

आमच्या शाळेत सातवी अ आणि सातवी ब एकाच मोठ्या हॉलमध्ये भरतात. मध्ये प्लायवूडचं पार्टिशन आहे, पण ते छतापर्यंत पोचत नाही. त्यामुळे इकडचं सगळं तिकडे ऐकू जातं आणि तिकडचं इकडे. याचा मला कधी त्रास झाला नव्हता, कारण आर्वीतल्या या शाळेत लागल्यापासून दोन्ही वर्गांना गणित मीच शिकवत आले होते. पलीकडे इतिहास नाहीतर हिंदी चाललेलं असायचं, आणि तिथले सर माझ्या आवाजापुढे आपला आवाज खाली ठेवायचे.

मग नवीन मॅडम आल्या आणि मुख्याध्यापकांनी सातवी ब त्यांना दिली.

"मॅडम, तुमची मुलगी ब मध्ये आहे," सर मला म्हणाले. "आईनंच शिकवलं अन् आईनंच मार्क दिले, तर लोक बोलतील. अ तुमच्याकडेच ठेवा."

बोलणं बरोबर होतं. मी मान हलवली आणि घरी येऊन नवऱ्याजवळ चिडचिड केली. तो एसटी डेपोत आहे, दिवसभर लोकांची चिडचिड ऐकून आलेला असतो. त्यानं माझीही ऐकली आणि चहा मागितला.

नवीन मॅडम कारंज्याहून रोज एसटीनं यायच्या. वय माझ्याहून बरंच कमी. स्टाफरूममध्ये अगदी पुस्तकी मराठी बोलायच्या, पण वर्गात पाय ठेवला की भाषा बदलायची. "काऊन रे, झोपून राह्यला का?" असं पार्टिशनपलीकडून यायचं आणि पाठोपाठ सगळा वर्ग हसायचा. मी कधी वर्गात वऱ्हाडी बोलले नव्हते. आमच्या काळी डी.एड.ला तसं बजावून सांगितलं होतं. मुलांच्या कानावर शुद्ध भाषा पडली पाहिजे, यावर माझा विश्वास होता. पण माझ्या शुद्ध भाषेला कुणी हसलं नव्हतं, आणि हसू न आल्याचं मला तोवर कधी जाणवलंही नव्हतं.

सातवीच्या बीजगणितात एक चूक दरवर्षी होते. तीन x अधिक दोन y लिहिलं की निम्मा वर्ग उत्तर लिहितो पाच xy. आकडे दिसले की मिळवायचे, अक्षरं दिसली की चिकटवायची. माझी पद्धत ठरलेली होती. आधी व्याख्या: ज्या पदांतली चलं आणि त्यांचे घातांक सारखे, ती सरूप पदं. मग रंगीत खडू. x असलेल्या पदांखाली लाल रेघ, y असलेल्यांखाली पिवळी. लाल लालशी मिळवायचं, पिवळं पिवळ्याशी. आठवडाभर सराव घेतला की बहुतेकांना जमायचं.

माझ्या मुलीला मात्र माझ्याकडून शिकायचंच नसायचं. पाचवीपासून तेच. मी जवळ बसले की तिचं तोंड उतरायचं. "आई, तू रागावतेस," म्हणायची. मी म्हणायची, "अजून रागावलेच नाही." ती म्हणायची, "रागावणार आहेस." आणि बहुतेक वेळा तिचंच खरं व्हायचं.

त्या दिवशी मी ओट्याशी भाजी चिरत होते. ती आली, परातीतली वांगी उचलून एका बाजूला ठेवू लागली, टमाटर दुसऱ्या बाजूला.

"आई, तीन वांगे आन दोन टमाटर. पाच वांगेटमाटर होते का?"

"काय?"

"वांगेटमाटर नावाची वस्तू असते का सांग न. नसते. म्हून तीन x आन दोन y, पाच xy नाई होत. आमच्या मॅडमनं सांगतलं. वांगे म्हंजे x, टमाटर म्हंजे y."

तिचा चेहरा असा उजळला होता की काही क्षण मी सुरीवरचा हातच थांबवला. हा उजेड मी दोन वर्षं मागत होते. तो कुणीतरी एका तासात, दोन भाज्यांवर मिळवला होता.

"सांबाराची जुडी धुऊन आण, कोथिंबीर घालायची आहे," मी म्हणाले. ती उड्या मारत गेली.

मला राग आला होता, पण राग म्हणावं असं काही घडलंच नव्हतं. मुलीला गणित आलं होतं. मग जे होतं त्याला दुसरं नाव नव्हतं. मला त्या बाईचा हेवा वाटत होता. वर्गातला तर होताच, आता माझ्या स्वयंपाकघरातलाही.

नंतर डोकं शांत झाल्यावर एक गोष्ट लक्षात आली आणि मला बरं वाटलं. त्या उदाहरणात खोट होती. x म्हणजे वांगं नसतंच. x ही संख्या असते, आपल्याला माहीत नसलेली. वांगं म्हणून शिकवलं तर बेरजेपुरतं निभतं, पण पुढे x आणि y चा गुणाकार आला की मुलं कशाला काय गुणणार? वांग्याला टमाटरनं गुणता येतं का? बाईंचं हे हसणंखेळणं फार दिवस चालायचं नाही, असं मी मनात म्हटलं. स्टाफरूममध्ये डबा उघडताना त्या माझ्या शेजारीच बसायच्या, आपल्या डब्यातली चटणी माझ्या पोळीवर वाढायच्या. त्यांनी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. त्यांनी विचारलं नाही.

पुढे केंद्राची शिक्षण परिषद आमच्या शाळेत आली. आजूबाजूच्या शाळांतले गणिताचे शिक्षक जमतात, केंद्रप्रमुख असतात, आणि एक आदर्श पाठ होतो. तो पाठ आमच्या शाळेत असला की नेहमी मीच घेत असे. यंदा मुख्याध्यापकांनी नवीन मॅडमचं नाव दिलं. मला खुर्च्यांची आणि नाश्त्याची व्यवस्था दिली. पोह्यांवर शेव भुरभुरताना माझे हात इतके जोरात चालत होते की शिपाईबाई म्हणाल्या, "मॅडम, सारी शेव एकाच प्लेटीत टाकून राह्यल्या तुमी."

पाठ सातवी ब चा होता. आम्ही शिक्षक मागे बसलो, मुलं पुढे. माझी मुलगी पहिल्या बाकावर. नवीन मॅडमनी थैलीतून खरी वांगी आणि टमाटर काढून टेबलावर मांडले. मुलं एकेक करून येत होती, फळ्यावरची राशी वाचून भाज्या लावत होती. चार x अधिक तीन y अधिक दोन x. सहा वांगी इकडे, तीन टमाटर तिकडे. कुणीही चुकलं नाही. माझ्या बाजूचे सर कौतुकानं म्हणाले, "काय सोपं करून सांगते बाई!" मी पाण्याची बाटली उघडली आणि पुन्हा बंद केली.

पाठ संपत आला होता तेव्हा माझ्या मुलीनं हात वर केला.

"मॅडम, पुढच्या पानावर xy आहे. वांगं x आन टमाटर y, तं xy म्हंजे काय?"

मागून एक पोरगा ओरडला, "भरीत!"

सगळा हॉल हसला. केंद्रप्रमुखही हसले. नवीन मॅडमही हसल्या. माझी मुलगी मात्र हसली नाही.

"नाई मॅडम, खरंच विचारून राह्यली मी. दोघायचा गुणाकार म्हंजे काय?"

मॅडमच्या हातात एक वांगं होतं. त्यांनी ते पाहिलं, फळ्याकडे पाहिलं. हाच क्षण मी कितीतरी दिवस मनात रंगवला होता. त्यात मी शांत चेहऱ्यानं बसलेली असायची. आता तो समोर आला होता आणि मला मात्र स्वस्थ बसवत नव्हतं, कारण प्रश्न माझ्या मुलीनं विचारला होता आणि त्याचं उत्तर मला येत होतं.

"मले नाई सांगता येत," मॅडम सरळ म्हणाल्या. वांगं टेबलावर ठेवलं. "माहं उदाहरण इथं अडकलं, बेटा. बरं झालं विचारलं." मग त्यांनी मागे पाहिलं. "मॅडम, तुम्ही याल का? तुम्हाला नक्की सांगता येईल."

मी उठले. फळ्यापर्यंत जाताना सगळ्यांचे डोळे पाठीवर जाणवत होते. खडू घेतला आणि सहा उभ्या रेघा मारल्या, जशा वावरात पिकाच्या ओळी, म्हणजे तास असतात. त्या क्षणी माझ्या तोंडून व्याख्या आली नाही. का ते माहीत नाही. समोर माझी मुलगी बसली होती आणि मला काहीही करून तिचा चेहरा तसाच उजळलेला पाहायचा होता.

"हे वावर आहे," मी म्हणाले. "हे कपाशीचे, आपल्या पऱ्हाटीचे तास. एका तासात पऱ्हाटीची झाडं किती?"

"माहीत नाई," मुलं म्हणाली.

"माहीत नाही, पण प्रत्येक तासात तेवढीच आहेत. म्हणून त्या संख्येला म्हणू x. x म्हणजे झाड नव्हे. एका तासातली झाडं किती, ती संख्या. चार तास पऱ्हाटीचे असले तर झाडं चार x. अजून दोन तास पेरले तर?"

"सहा x!"

"का?"

"तासात तेवढीच झाडं आहे न!"

"बाजूला तीन तास तुरीचे. तुरीच्या एका तासात झाडं वेगळी, y. आता सहा तास आणि तीन तास मिळून नऊ तास झाले, पण झाडं नऊ x म्हणता येईल का? नऊ y?"

"नाई."

"नऊ xy?"

मुलं गोंधळली. मी x ला दहा धरलं, y ला आठ. सहा तास पऱ्हाटीचे, साठ झाडं. तीन तास तुरीचे, चोवीस. एकूण चौऱ्याऐंशी. मग नऊ xy काढायला लावलं. सातशे वीस आले. "वावरात चौऱ्याऐंशी झाडं आणि वहीत सातशे वीस," मी म्हणाले, आणि मुलं हसली. मला हसली. म्हणजे माझ्या बोलण्यावर हसली.

"आता नुसतं तुरीचं वावर घ्या. एका तासात y झाडं, आणि आता x म्हणजे असे तास किती, ती संख्या. पूर्ण वावरात?"

माझी मुलगी उठून उभी राहिली. "xy!" ती म्हणाली. आणि तोंडातून उत्तर निघताच तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. बाजूला उभ्या असलेल्या मॅडमकडे पाहिलं, बरोबर आहे ना ते विचारायला. मॅडमनी हसून मान हलवली, तेव्हा ती खाली बसली.

मी खडू ठेवला आणि माझ्या जागेवर गेले.

शेवटी केंद्रप्रमुख बोलले. पाठाचं कौतुक केलं आणि म्हणाले, "आपल्याला येत नाही हे मुलांसमोर मान्य करायला मोठं मन लागतं. असा शिक्षक मी क्वचित पाहिला." टाळ्या वाजल्या. तासांच्या उदाहरणाचाही उल्लेख झाला, "आणि ज्येष्ठ मॅडमनी मदत केली" एवढ्या शब्दांत. म्हणजे अडल्या त्या, आणि शाबासकीही त्यांनाच मिळाली. ज्येष्ठ हा शब्द मी घरी येईपर्यंत चघळत होते.

पुढच्याच सोमवारी पार्टिशनपलीकडून पऱ्हाटीचे तास ऐकू आले. तेच उदाहरण, पण त्यांच्या तोंडून ते वेगळंच झालं होतं. त्यांनी मुलांनाच रांगांत उभं केलं होतं, मुली तूर, मुलं पऱ्हाटी. एक पोरगा पऱ्हाटीतून निघून तुरीत जाऊन उभा राहिला आणि मॅडम ओरडल्या, "ए पऱ्हाटी, तुरीत कायले गेली?" हॉल हसून हसून फुटायच्या बेतात आला. इकडे माझ्या अ वर्गातली मुलंही हसली. मी फळ्यावर तेच शिकवत होते. शब्दही तेच होते.

संध्याकाळी मुलीनं मला समजावून सांगितलं. "x म्हंजे झाड नसते आई, संख्या असते. आमच्या मॅडमनं एकदम भारी सांगतलं."

"ते मी सांगितलं होतं," मी म्हणाले. "त्या परिषदेत. फळ्यावर."

तिनं जरा आठवलं. "हो, पण तेव्हा मले तितकं नाई समजलं."

नवरा ताटावर बसला होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि पटकन मान खाली घालून वरणात भात कालवू लागला.

वर्ष संपता संपता नवीन मॅडमना आष्टीकडच्या एका शाळेत कायमची जागा मिळाली. निरोपाच्या दिवशी सातवी ब रडली. मुलीच नाही, मुलंही. माझी मुलगी माझ्या पदरात तोंड खुपसून रडली, आणि तिच्या केसांवरून हात फिरवताना माझ्या मनात काय येत होतं तर, मी निवृत्त होईन तेव्हा या शाळेत असं कोण रडेल? मॅडम माझ्या पाया पडल्या. "तुमचे तास घेऊन चालली ताई मी," म्हणाल्या. "तिकडं पोट्ट्यांना हेच शिकवीन." मी तोंडभर आशीर्वाद दिला. तो खोटा नव्हता. पण आष्टीकडच्या त्या पोरांचं हसू मला तिथेच ऐकू येत होतं, आणि ते मला सहन होत नव्हतं.

आता दोन्ही वर्ग पुन्हा माझ्याकडे आहेत. मी वर्गात कधीमधी वऱ्हाडी बोलून पाहते. मुलं हसतात, पण जरा दबकून, हसायचं आहे की नाही ते न कळल्यासारखी. रंगीत खडू मी सोडलेले नाहीत.

मुलगी आठवीत गेली. परवा दुपारी समीकरणं घेऊन बसली होती. बराच वेळ डोकं खाजवलं, मग वही उचलून माझ्याकडे आली.

"आई, हे सांग न."

तीन वर्षांत पहिल्यांदा ती आपणहून आली होती. मी हात पुसले, जवळ बसले, तोंडातून एकही वाकडा शब्द निघू नये म्हणून ओठ घट्ट मिटले. तिनं पान उघडलं आणि सहज म्हणाली, "मॅडमले फोन केलता. त्यायनं उचलला नाई."

मी पेन्सिल घेतली आणि शिकवायला सुरुवात केली.