कात्रीताईंचा संशय

गल्लीत त्यांना सगळे कात्रीताई म्हणत. खडूची रेघही न ओढता त्या शर्टाचं कापड कापत आणि शर्ट अंगाला अगदी बरोबर बसे. घराच्या पुढच्या खोलीत दोघी जावांचं शिवणाचं दुकान होतं. थोरल्या कात्रीताई कापत, धाकटी मशीनवर बसे.

कात्रीताईंची साठी उलटली आणि वस्तू जागेवर सापडेनात. आज टेप गायब, उद्या खडू. एका शर्टाच्या तर दोन्ही बाह्या डाव्याच निघाल्या.

"तूच बाही बदललीस," त्या जावेला म्हणाल्या.

"ताई, मी मशीनवरून उठले तरी का?"

हे शांत बोलणंच त्यांना जास्त खटकलं. दुकान एकटीने गिळायचा हिचा डाव दिसतोय! जावेने केलेला चहा त्या हुंगून पिऊ लागल्या. स्वतःच्या डायबेटिसच्या गोळ्या तर गुपचूप बेसिनमध्ये टाकू लागल्या. हिने बदलल्या असल्या तर?

शेवटी त्यांनी कात्री लाल दोऱ्याने टेबलाच्या खणाला बांधून ठेवली. चोराला दोरा तोडावाच लागला असता. दोनच दिवसांत कात्री फ्रिजमध्ये, भाजीमागे सापडली. तुटका दोरा तिला लोंबत होता.

"हा दोरा कसला? करणी करतेस का माझ्यावर?"

धाकटीचा चेहरा उतरला. "ताई, तो तुम्हीच बांधलात. माझ्यासमोर. मी विचारलं, तर म्हणालात, चोर पकडतेय."

कात्रीताईंनी दोरा हातात घेऊन निरखला. डोक्याला कितीही ताण दिला तरी काही आठवेना.

धाकटीने त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या. "रक्तात साखर वाढलीये. शरीरातलं इन्सुलिन साखरेचं काम तर बघतंच, पण आठवणी पक्क्या करायला मेंदूच्या पेशींनाही त्याचा निरोप लागतो. कधीकधी निरोप पोचतो, पण पेशी दाद देत नाहीत. तुमचं असंच झालंय, असं ठामपणे नाही सांगता येणार. मला शंका मात्र आहे."

"म्हणजे चोर माझ्या डोक्यातच?" कात्रीताईंनी जावेकडे तिरपं पाहिलं. "की हिने पढवलंय तुम्हाला?"

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या; पण पाकीट त्या स्वतः फोडत. कापायचं काम धाकटीकडे गेलं, त्या काजं-बटणं करू लागल्या. साखर आटोक्यात आली, विसरभोळेपणा मात्र पुरता गेला नाही. संध्याकाळी दोघी फिरायला जात. नजर ठेवायला बरं म्हणून कात्रीताई मुद्दाम मागे राहत.

एकदा परतताना त्यांना घराचं वळणच आठवेना. त्या थबकल्या. मग पुढे होऊन त्यांनी जावेचा दंड धरला.

"पाय दुखतायत," त्या म्हणाल्या.

धाकटीने चाल हळू केली आणि त्यांना घराच्या वळणाकडे नेलं.